पहिली गोधडी: कोकणच्या हवेत टिकेल अशी, घरातल्याच कापडातून

गोधडी शिवायचं ठरवून मोबाइलवर व्हिडिओ लावले की पहिल्या दहा मिनिटांत खरेदीची यादी तयार होते. फिरत्या पात्याचं कटर, त्याखाली घालायची हिरवी चटई, पारदर्शक पट्ट्या, परदेशी छापाच्या कापडाचे एकसारखे चौकोन आणि आत भरायला वॉडिंग. यातलं जवळजवळ काहीच पहिल्या गोधडीला लागत नाही. वॉडिंग तर कोकणात घालूच नका, असं मी स्पष्टच सांगेन.

कारण साधं आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. वॉडिंग म्हणजे कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा जाड, फुसफुशीत थर. कापसाचं वॉडिंग ओलावा धरून ठेवतं आणि आतून लवकर सुकत नाही. पॉलिएस्टरचं भिजत नाही, पण अंगावर घेतलं की घाम फुटतो. आपल्या आज्यांनी वापरलेली पद्धत, म्हणजे मऊ झालेल्या सुती कापडाचे चार-सहा थर एकमेकांवर घालून आरपार धावदोरा, ही या हवेला बरोबर बसते. चार थरांची गोधडी कडक उन्हात एका दुपारी वाळते, मागच्या पडवीत वाऱ्यावर दीड दिवसात. कापूस भरलेली रजई श्रावणात धुवायची हिंमत कुणी करत नाही.

हा लेख ज्यांनी सुई फक्त बटण लावायला हातात घेतली आहे त्यांच्यासाठी आहे. शिलाई मशीन नसलं तरी काही अडणार नाही.

आधी एक जुनी गोधडी उलटून बघा

कापड शोधण्याआधी हे करा. गावच्या घरात माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत किंवा पाहुण्यांच्या गाद्यांखाली एखादी जुनी वाकळ असतेच. ती उजेडात आणा, जमिनीवर पसरा आणि आधी मागची बाजू बघा.

टाके बघा. बहुतेक जुन्या गोधड्यांत एका कडेचे टाके बारीक आणि दुसऱ्या कडेचे ढोबळ असतात, कारण दोघी-तिघी समोरासमोर बसून शिवायच्या आणि प्रत्येकीचा हात वेगळा. मधे एका ठिकाणी रांगा एकमेकींना भेटतात, तिथे थोडी गडबड दिसते. नवख्या माणसाला यातून मोठा धीर येतो. इतकी वर्षं टिकलेल्या वस्तूतही टाके सारखे नाहीत.

मग फाटलेला कोपरा शोधा आणि आत डोकावा. वरचं कापड विरलं की त्यावर दुसरं लुगडं घालून पुन्हा दोरे घालायचे, हा रिवाज होता. त्यामुळे वरून चौकटीची लुंगी दिसते, तिच्याखाली फिकट झालेलं हिरवं लुगडं आणि त्याच्याही खाली कधी जाड, खरबरीत, पिवळट मांजरपाट निघतो. कोकणातल्या वाकळीत गिरणीचं कापड सापडलं तर नवल नाही. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली गावोगावची माणसं गिरणगावात राहिली. (सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता, तो १९८१ साली वेगळा झाला.) चाकरमानी सणाला येताना कापड आणायचे, ते आधी अंगावर फाटायचं आणि मग वाकळीत जायचं. जानेवारी १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर हे चक्रच थांबलं. मांजरपाटाच्या कडेला पुसट झालेला शिक्का दिसला तर तो गिरणीचा असण्याची शक्यता मोठी. त्याचा फोटो काढून ठेवा, धुतल्यावर राहील याची खात्री नाही.

शेवटी ती गोधडी अंगावर घ्या. दुकानातल्या रजईपेक्षा वजन कमी, पण अंगावर नीट पडते. हा गुण वर्षानुवर्षं धुतलेल्या कापडाचा आहे, आणि तो विकत मिळत नाही. जुन्या गोधडीचं आकर्षण आठवणींमुळे असतं असं सगळे म्हणतात. माझ्या मते निम्मं तरी या मऊपणामुळे असतं.

कापड: खरी मेहनत इथेच

सुती आणि धुऊन मऊ झालेलं, एवढी एकच अट. अडचण अशी की घरातल्या जुन्या साड्या म्हणून जे हाती येतं त्यात आता सिंथेटिक फार. हाताला सुती वाटतं आणि नसतं. म्हणून जाळून बघायचं. कडेचा एखादा धागा काढा, चिमट्यात धरा, काडी लावा. सुती धागा कागदासारखा भुरकन जळतो आणि बोटांनी चुरगळली की भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि थंड झालं की कडक काळी गोळी राहते. हे मोरीत किंवा अंगणात करा, कपाटासमोर नको.

दुसरी परीक्षा अंगठ्यांची. कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणा, आधी उभं मग आडवं. चर्रकन फाटलं तर ते वरच्या थराला चालणार नाही, पण आतल्या थरात खुशाल घाला. तिथे त्याला घासणारं काही नसतं. मग कापड खिडकीसमोर धरा. बसण्याच्या जागी, पदराच्या घडीवर विरलेले पट्टे लगेच दिसतात. ते कापून टाका किंवा आत घाला.

तिसरी परीक्षा रंगाची. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड जोरात चोळा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ किंवा तुरटी घातली की रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात. बाजारातल्या तयार रंगांवर त्याचा भरवसा धरू नका. लाल आणि गर्द निळ्या कापडांशी विशेष जपून. पांढऱ्या धोतराशेजारी कच्चं लाल कापड शिवलं की पहिल्या धुण्यात सगळी गोधडी गुलाबी.

काय चालतं: नऊवारी लुगडी, सुती सहावारी, धोतरं, पंचे, लुंग्या, जुन्या चादरी, सुती ओढण्या, मलमलचे कुडते. काय नको: जॉर्जेट, जरीचा काठ (उसवून बाजूला ठेवा), जाड जीन्स. नवा मांजरपाट अस्तराला घ्यायचा असेल तर आधी दोन वेळा गरम पाण्यात धुऊन वाळवा. कोरं कापड पुढे आटतं, आणि एकच थर आटला की गोधडीला सगळीकडे चुण्या पडतात.

घरात पुरेसं कापड नसेल तर शेजारीपाजारी विचारा. बोहारणीला द्यायला बाजूला ठेवलेलं गाठोडं प्रत्येक घरात असतं. मात्र आजीच्या किंवा गेलेल्या माणसाच्या कपड्याला कात्री लावण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. एकीला वाटतं गोधडी होऊन ते वापरात राहील, दुसरीला ते घडीवरच हवं असतं, आणि कात्री फिरल्यावर बोलणी खाण्यात अर्थ नाही.

माप आणि हिशोब

पहिलं काम दुपट्याचं घ्या: ३६ इंच बाय ३६ इंच, चार थर. बाळ घरात नसलं तरी चालेल, आरामखुर्चीवर घालता येतं. एवढ्या मापात हात बसतो, आणि कंटाळा येण्याआधी काम संपतं.

त्यानंतर मोठी. नऊवारीचं गणित सुंदर जमतं. नऊ वार म्हणजे २७ फूट. तिच्या लांबीत चार सारख्या घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर एकावर एक मिळतात आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी, म्हणजे साधारण पावणेचार-चार फूट. एका माणसाचं पांघरूण एका लुगड्यात, काहीही न कापता. घड्या घातल्यामुळे काही कडा आपोआप बंद मिळतात, तो आणखी फायदा. सहावारीचे १८ फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात, म्हणून तिला आत धोतराचा किंवा चादरीचा एक थर जोडावा लागतो. अंथरायला करायची असेल तर सहा ते आठ थर घ्या. त्यापेक्षा जाड केली तर सुई जात नाही आणि धुताना दोघांना पिळावी लागते.

दोऱ्याचाही हिशोब करता येतो. रांगांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर वरच्या मोठ्या गोधडीत सुमारे ६० रांगा बसतात, प्रत्येक दोन मीटरची. म्हणजे १२० मीटर शिवण. धागा वर-खाली होतो, सुरुवातीला आणि शेवटी वाया जातो, त्यामुळे १५० ते १६० मीटर लागतो. भरतकामाचा आठ नंबरचा सुती दोरा १० ग्रॅमच्या गुंडीत ८० मीटरच्या आसपास असतो. तीन गुंड्या एकदमच घ्या. नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते. दुपट्याला एक गुंडी पुरते.

मशीनचा बारीक दोरा हाताच्या गोधडीला वापरू नका. तो जुन्या कापडाला सुरीसारखा कापत जातो.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी. बरेच जण सरळ दाभण सांगतात, पण दाभण गोणपाटाची. मऊ लुगड्याला त्याने भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत. आठ थरांच्या वर गेलात तरच बारीक दाभण बघा. अंगुस्तान मात्र घ्याच. पहिल्या दिवशी ते बोटात अडतं, दुसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय सुई ढकलवत नाही.

थर मांडणे

हे काम मिरगाच्या आधी उरका. शिमगा झाल्यापासून मेअखेरपर्यंत कापड खडखडीत वाळतं. थरांमध्ये थोडाही ओलावा राहून वर दोरे पडले की आत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते काढायला आत हात जात नाही. एकदा थर मांडून कच्चे टाके घातले की पुढची शिवण पावसात बसून करायला हरकत नाही.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. इस्त्री कंटाळवाणी आहे, पण ती चुकवू नका. आतल्या थरातली घडी नंतर कायमची राहते. फरशीची खोली उत्तम. सारवलेल्या खळ्यात करायचं असेल तर खाली चटई आणि तिच्यावर चादर घाला.

सर्वात खाली अस्तर, उलटी बाजू वर. अस्तर वरच्या थरापेक्षा सगळीकडून दोन-दोन बोटं मोठं ठेवा. चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, पाण्याने भरलेला तांब्या, जे जड असेल ते ठेवून ते ताठ करा. मग एकेक थर. प्रत्येक थर टाकल्यावर तळहाताने मधून बाहेर सारखा करा, कडेकडून मध्ये कधीच नाही. या कामाला दुसरं माणूस हवं. एक पलीकडे, एक अलीकडे, दोघांनी कडा धरून हलकं ताणायचं. जोरात ताणलं की कापड सोडल्यावर आखडतं.

मग कच्चा दोरा. गडद कापडावर पांढरा, फिक्यावर लाल, म्हणजे नंतर काढताना दिसतो. लांब लांब टाके चालतात. आधी मधोमध एक उभी आणि एक आडवी रांग, मग दोन्ही तिरक्या, आणि त्यानंतर दर वितीवर एक. टाचण्यांनी भागवता येतं, पण जमिनीवर मांडी घालून शिवणाऱ्याच्या गुडघ्याला टाचणी लागतेच. शेजारच्या आजी या टप्प्यावर येऊन बघून जातात आणि त्यांचं ठरलेलं वाक्य असतं: "आधी कापड सारखा कर, मगे सुई हातात घे." पुढच्या कामाचा निम्मा त्रास इथे वाचतो.

दोरे घालणे

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो आणि जुन्या कापडातून फरफटत जाऊन शेवटाकडे पिंजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला की तो सरळ राहतो. शेवटी छोटी गाठ मारा. सुई वरच्या थरात, सुरुवातीच्या जागेपासून बोटभर अंतरावर घाला, सुरुवातीच्या जागी वर काढा आणि हलका झटका द्या. टप् असा आवाज होऊन गाठ आत जाते. जुन्या हाताच्या कामात गाठी दिसत नाहीत, त्या अशा लपवतात.

आता धावदोरा. डावा हात गोधडीखाली, उजव्या हातात सुई. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की सुई सगळ्या थरांतून आरपार गेली. लगेच टोक वर वळवा. सुईवर तीन-चार टाके साठले की मगच दोरा ओढा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली जागाही तेवढीच. पहिल्या दिवशी तो पावट्याएवढा होईल. होऊ दे. सारखेपणाकडे लक्ष ठेवा, बारीकपणा आपोआप येतो.

दोरा किती ओढायचा हे सांगून समजत नाही, बघून समजतं. रांग संपल्यावर तिच्यावरून बोट फिरवा. कापड टाक्यांमध्ये किंचित उचललेलं लागलं पाहिजे, पण रांग आखडलेली नको. आजींच्याच शब्दांत सांगायचं तर, "दोरो ओढू नको गो, चुणी पडतत." प्रत्येक रांगेच्या शेवटी कापड दोन्ही हातांनी एकदा ताणून दोरा मोकळा करून घ्या. एका वाक्यात मावणारी ही सवय सगळ्यात उपयोगी आहे.

रांगा कुठून सुरू करायच्या? जुन्या गोधड्यांत कडेने चौकोनात फिरत आत जाणारी शिवण पुष्कळ दिसते आणि ती देखणी असते. नवख्याने मात्र पहिल्या खेपेला तसं करू नये. कडा आधी बंद झाल्या की सगळा सैल भाग मध्ये ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा येतो, जो कशानेही बसत नाही. मधल्या रांगेपासून सुरू करा आणि दोन्ही बाजूंना जा. जी काही सैल असेल ती कडेला निघून जाते. रेघा आखायला शिंप्याचा खडू किंवा धुऊन जाणारी पेन्सिल, बॉलपेन नको. नऊवारी चौकड्यांची असेल तर रेघाही लागत नाहीत, चौकड्याच धरून चला.

रोज तास-दोन तास बसलात तर मोठी गोधडी दोन ते तीन आठवड्यांत होते. मान अवघडली की उठा. दिवेलागणीनंतर गडद कापडावर गडद दोरा घालू नका, डोळ्यांवर ताण येतो आणि टाकेही वेडेवाकडे पडतात.

कडा शेवटी. बाहेर ठेवलेलं अस्तर आत मोडून, पुन्हा मोडून वरच्या थरावर आणा आणि बारीक हेमटाक्याने बसवा. कोपऱ्यात जाड गोळा होतो, तो तिथलं आतलं कापड तिरकं कापून कमी करा. उसवून ठेवलेला साधा सुती काठ असेल तर त्याचा गोट लावा. कडा सर्वात आधी झिजते, आणि काठाची वीण घट्ट असते. सगळं झालं की कच्चे टाके काढून टाका.

ठिगळांची गोधडी

तुकडे जोडून करायची असेल तर लोक आधी तुकडे एकमेकांना शिवतात, मग त्याचं एक मोठं कापड करतात आणि मग थर मांडतात. पाश्चात्त्य पद्धत हीच. मापं काटेकोर लागतात आणि मशीन असेल तर बरं पडतं.

आपल्या किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत सिद्दी समाजातल्या बायका याहून सोपी रीत वापरतात. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे ते वंशज, आणि त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. अस्तर म्हणून साडी पसरायची, कोपऱ्यात पहिलं ठिगळ ठेवायचं, त्याची कड आत मोडायची आणि आरपार दोरा घालत पुढे जायचं. पहिलं संपण्याआधी दुसरं त्याच्या कडेखाली सरकवायचं. असं कडेने फिरत फिरत मध्यापर्यंत. तुकडे आधी जोडणं नाही, मापं नाहीत. इथे कडेपासून आत गेलेलं चालतं, कारण वरचं कापड आधीपासून पसरलेलं नसतं. प्रत्येक ठिगळ शिवतानाच सपाट होतं. कोपऱ्यांना कापडाचे छोटे त्रिकोण घडी करून लावतात, त्यांना फुला म्हणतात. मोजमापाचा कंटाळा असलेल्या माणसाला मी हीच रीत सुचवेन.

रंग निवडताना तुकडे जमिनीवर मांडा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग गेले की फिकं आणि गडद कुठे आहे ते लगेच कळतं. सगळं एकसारखं करडं दिसलं तर गोधडी लांबून सपाट दिसणार. दोन-चार फिके तुकडे मध्ये घाला.

नवीन गोधड्यांकडे बघताना

'मॉडर्न क्विल्ट' म्हणून जे दिसतं, मोठी मोकळी जागा, थोडे रंग, वाकड्या पट्ट्या, ते कुणा डिझायनरच्या डोक्यातून एका रात्रीत आलेलं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या नदीकाठच्या वस्तीत कृष्णवर्णीय शेतकरी बायका कामाच्या जुन्या पँटी, शर्ट आणि पोती वापरून अशा गोधड्या पिढ्यान् पिढ्या करत होत्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि लोक त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीत बसवू लागले. २००६ साली त्यांवर अमेरिकेची टपाल तिकिटंही निघाली. घरात थंडी होती आणि कापड तेवढंच होतं, मूळ कारण इतकं साधं.

गोधडीचा दुसरा टोकाचा उपयोग १९८७ सालचा. एड्सने गेलेल्या माणसांच्या नावाने सुमारे तीन फूट बाय सहा फुटांचे तुकडे शिवून ते त्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर पसरले, तेव्हा १,९२० तुकडे होते. पुढे ते हजारोंनी वाढले. आणि जुनं बघायचं तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चौदाव्या शतकात सिसिलीत केलेली, ट्रिस्टन या युरोपीय दंतकथेतल्या वीराची गोष्ट दाखवणारी गोधडी आहे, त्याच संग्रहालयात बंगालमध्ये पोर्तुगीजांसाठी पिवळ्या टसर रेशमाने भरलेली सोळाव्या-सतराव्या शतकातली पांघरुणंही आहेत. आपल्या चौल, वसईत पोर्तुगीज ठाण मांडून होते तोच हा काळ. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली ही सगळी याच धावदोऱ्याची भावंडं. फोटो शोधून बघा. नक्कल करायला नको, टाक्यांच्या दिशा बघायला.

मशीनबद्दल एक शब्द. तुकडे जोडायला मशीन उत्तम. आरपार शिवणीला मात्र ते दाट फिरवलं की गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, शिवाय वरचा थर पुढे सरकतो आणि खालचा मागे राहतो. मशीननेच करायची तर वॉकिंग फूट (वरचं आणि खालचं कापड बरोबरीने पुढे नेणारा मशीनचा पाय) लावा आणि रांगा चार-चार बोटांवर ठेवा.

ऑर्डरी घ्यायच्या असतील, गणपतीला येणारे चाकरमानी हमखास विचारतात, तर किंमत तासांवर ठरवा, कापडावर नाही. "जुन्याच साड्या तर आहेत" असं म्हणणाऱ्याला दोऱ्यांच्या रांगा मोजायला सांगा.

धुणं, वाळवणं, ठेवणं

रोजच्या वापरातली गोधडी रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात तासभर भिजवा, पायाने तुडवा, दगडावर आपटू नका. पिळताना दोघांनी दोन टोकं धरून हलकंच. वाळत घालताना एका दोरीवर टाकू नका. ओल्या गोधडीचं वजन मधल्या टाक्यांवर येतं आणि ते तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरा, किंवा गडग्यावर. गडगा जांभ्याचा असेल तर खाली जुनी चादर घालायला विसरू नका, नाहीतर तांबडे डाग घेऊन गोधडी घरात येईल.

फणसाच्या चिकाला धुण्याआधी खोबरेल चोळा, सुटतो. काजूच्या बोंडाचा डाग जात नाही. त्यासाठी ब्लीच वापरून कापड कुजवण्यापेक्षा त्यावर ठिगळ लावा.

खूप जुनी, विरलेली गोधडी धुवूच नका. सावलीत पसरून मऊ ब्रशने धूळ झटका. फाटलेल्या जागी नवं दणकट कापड लावलं तर ते शेजारच्या जुन्या कापडाला ओढून आणखी फाडतं. तितकंच जुनं, मऊ कापड शोधा आणि ठिगळ फाटलेल्या जागेच्या बरंच बाहेर, धड कापडापर्यंत न्या.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळा, वेखंडाच्या पुरचुंड्या किंवा निगडीचा (निर्गुडीचा) पूर्ण वाळलेला पाला कापडी पिशवीतून बाजूला ठेवा. ट्रंक भिंतीला चिकटून किंवा थेट जमिनीवर नको, खाली दोन विटा किंवा फळी. घडी प्रत्येक वेळी वेगळ्या रेघेवर घाला, नाहीतर कापड त्याच रेघेवर तुटतं. मिरगाच्या आधी एकदा सगळं उन्हात. पावसात मधे चार दिवस उघडीप मिळाली तर ट्रंक उघडून वारा द्या, आणि आश्विनातलं कडक ऊन पडलं की पुन्हा एकदा बाहेर काढा. जुन्या गोधड्या तेवढ्या सावलीत.